मोने यांच्या १८९९ मधील तळ्याच्या चित्रात पूल नेमका कशासाठी आहे?

रेखाकला (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

मी एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या मुलांचा सरावही घेते. स्मरणचित्र शिकवताना आपण सगळेच शिक्षक मुलांना आधी डोळ्याची पातळी, म्हणजे क्षितिजरेषा, ठरवायला सांगतो. मग जवळचे मोठे, लांबचे लहान, वर आकाश, खाली जमीन, अशी मांडणी करून घेतो. या शिस्तीबाहेरचेही काही मुलांनी पाहावे म्हणून मी फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या १८९९ मधील, वॉटरलिलींचे तळे आणि त्यावरचा कमानदार पूल दाखवणाऱ्या चित्राची एक मोठी छापील प्रत वर्गात लावली. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

मुलांनी क्षितिजरेषा शोधली, ती सापडली नाही. आकाश शोधले, तेही नाही. मग एका मुलीने विचारले की पूल कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, कारण दोन्ही बाजूंना तो चित्राच्या कडेलाच तुटतो आणि त्याच्याकडे येणारी पायवाटही दिसत नाही. दुसऱ्या एका मुलाचे म्हणणे असे पडले की चित्रकाराला फुले आणि पाणीच काढायचे होते, तर पूल काढला नसता तरी चालले असते. त्या वेळी मी जे उत्तर दिले ते मला स्वतःलाच पुरेसे वाटले नाही, म्हणून येथे विचारते आहे.

या चित्रात पुलाचे काम नेमके काय आहे? ही बाग खरोखर अशी होती, की चित्रकाराने मनाने रचली? आणि याच पुलाची मोने यांनी म्हातारपणी काढलेली चित्रे तांबूस-तपकिरी रंगांच्या गुंत्यासारखी दिसतात, ती केवळ मोतीबिंदूमुळे तशी झाली, असे मुलांना सांगणे योग्य होईल का?

तैलरंग

रेखाकला, आपल्या विद्यार्थ्याचा आक्षेप मला फार मोलाचा वाटतो, कारण तो पडताळून पाहता येतो. वर्गात लावलेल्या प्रतीवर पुलाची कमान झाकेल एवढी कागदाची पट्टी धरा आणि मुलांना काही वेळ नुसते खालच्या पाण्याकडे पाहू द्या. तळे पसरलेले दिसण्याऐवजी उभे राहू लागते. हिरव्या, पिवळट आणि गुलाबी फटकाऱ्यांचा एक पडदा समोर टांगल्यासारखा भास होतो, आणि त्याला खोली आहे की नाही हे सांगणे अवघड जाते. पट्टी काढली की पाणी पुन्हा आडवे होते. पूल हे काम करतो, कारण त्या चित्रात माणसाच्या मापाची अशी ती एकच वस्तू आहे. कठड्याची उंची आपल्याला अनुभवाने माहीत असते. त्यावरून पूल आपल्यापासून किती लांब असावा याचा अंदाज डोळा बांधतो, आणि मग पुलापर्यंतचे सगळे पाणी त्या अंतरात बसवून घेतो.

क्षितिजरेषेबद्दल मात्र मुलांना ‘ती नाही’ असे सांगू नये, असे मी सुचवेन. ती झाडीमागे दडलेली आहे आणि तिचा पुरावा पाण्यावर आहे. वॉटरलिलीचे पान साधारण गोल असते आणि पाण्यावर सपाट तरंगते. आपल्या पायांशी असलेल्या पानांचा गोल थोडा उघडा दिसतो, पाने लांब जाऊ लागली की तो गोल चपटा होत जातो, आणि पुलाखालच्या पट्ट्यांमध्ये पाने जवळजवळ आडव्या रेघा होऊन जातात. हे चपटेपण जिथे पूर्ण होईल, तिथे डोळ्याची पातळी. मुले घनभूमितीत वर्तुळाचे लंबवर्तुळ होताना शिकतातच. तोच नियम मोने यांनी एकही मोजपट्टीची रेघ न मारता पाळला आहे. यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) त्यांना नको होते असे नव्हे, त्याची चौकट तेवढी त्यांनी लपवली.

आता फटकाऱ्यांची दिशा पाहा, कारण या चित्राचा जीव माझ्या मते तिथेच आहे. पाने आणि फुले आडव्या, तुटक फटकाऱ्यांनी येतात. त्यांच्या मधल्या मोकळ्या पाण्यात मागच्या विलो वृक्षांच्या आणि झाडीच्या सावल्या उभ्या फटकाऱ्यांनी खाली उतरतात. एकाच पृष्ठभागावर या दोन दिशा एकमेकींना छेदतात, आणि त्यामुळे पाण्याचा वरचा थर व पाण्यातले प्रतिबिंब या दोन्ही गोष्टी आपल्याला एकाच वेळी दिसत राहतात. आकाश काढलेले नसले तरी उजेड आहे, तो या प्रतिबिंबांमधून आणि पानांच्या फिक्या कडांमधून येतो. वर खरे आकाश काढले असते, तर आपण उजेडासाठी वर पाहिले असते आणि तळे नुसते त्याचे उत्तर देणारे ठरले असते.

पूल दोन्ही कडांना का तुटतो, याचे उत्तर मला असे दिसते. पुलाची टोके दाखवली की वाट आली, वाट आली की येणारा-जाणारा आला, आणि चित्र प्रवासाचे झाले. टोके कापल्यामुळे पुलावरून जाण्याचा विचारच मनात येत नाही. तो वरून पाण्यावर ठेवलेली एक वक्ररेषा होऊन राहतो. चित्राचा आकारही याला पूरक आहे. कॅनव्हास सुमारे ८८ सेंटिमीटर उंच आणि ९३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे जवळपास चौरस आहे. निसर्गचित्राला आडवा लांब कॅनव्हास घेण्याची जी रीत होती, तिच्यात नजर डावीकडून उजवीकडे फिरते. चौरसात ती फिरत नाही, थांबते.

रंगांविषयी एकच सांगतो. मोने यांनी १९०५ मधील एका पत्रात आपण वापरत असलेले रंग मोजून सांगितले आहेत: शिशाचा पांढरा, कॅडमियम पिवळा, शेंदरी, गडद मॅडर (एक तांबडा), कोबाल्ट निळा आणि एक पाचूसारखा हिरवा. यात काळा नाही. आपल्या चित्रातली पुलाखालची गडद जागा मुलांना जवळून दाखवा. तिथे निळा, जांभळट आणि हिरवा एकमेकांत मिसळून काळोख तयार झाला आहे. आपली मुले सावलीसाठी काळी बाटली उघडतात, त्यांच्यासाठी एवढे एक निरीक्षणही पुरेसे आहे.

जलोद्यान

चित्रकलेतले मला फारसे कळत नाही, पण पाणवनस्पती हा माझा अभ्यासाचा आणि कामाचा विषय असल्यामुळे बाग खरी होती का, या प्रश्नावर लिहितो. बाग खरी होती, आणि आजही आहे. मात्र ‘खरी’ म्हणजे आपोआप उगवलेली नव्हे.

मोने १८८३ मध्ये नॉर्मंडीच्या सीमेवरच्या जिव्हर्नी या गावी राहायला आले आणि १८९० मध्ये त्यांनी तिथले घर विकत घेतले. घरासमोरची फुलबाग आधीची. तळ्याची जागा तिच्या खालच्या बाजूला, रस्ता आणि रेल्वेचा रूळ ओलांडून पलीकडे होती. ती त्यांनी १८९३ मध्ये घेतली. जवळून एप्त नदीचा एक लहान फाटा वाहत असे. त्याचे पाणी वळवून तळ्यात घेण्यासाठी त्यांना सरकारी परवानगी मागावी लागली, आणि गावकऱ्यांनी त्याला हरकत घेतली. त्याच पाण्यावर त्यांचे धुणे आणि गुरे अवलंबून होती. परक्या वनस्पतींनी पाणी दूषित होईल अशी त्यांना भीती वाटत होती. एका श्रीमंत होत चाललेल्या चित्रकाराच्या हौसेसाठी आपले पाणी का द्यावे, असे एखाद्या गावाला वाटणे मला तरी समजण्यासारखे वाटते. अखेर त्याच वर्षी परवानगी मिळाली.

पाणी वळवण्याची ही खटपट समजून घेतली तर चित्रातले पाणी कळते. वॉटरलिलीला वाहते आणि गार पाणी मानवत नाही. तिला संथ, उन्हाने थोडे तापणारे पाणी लागते. त्यामुळे फाट्यातून येणारे पाणी दारे लावून अडवावे आणि बेताने सोडावे लागे. चित्रात पाण्यावर एकही लाट नाही, प्रतिबिंबे सरळ खाली उतरतात, आणि ‘तैलरंग’ यांनी सांगितलेले उभे फटकारे शक्य होतात, याचे कारण ही व्यवस्था आहे.

फुलांच्या रंगांचीही एक गोष्ट आहे. युरोपातल्या थंडीत टिकणारी वॉटरलिली पूर्वी जवळजवळ पांढरीच असे. नैर्ऋत्य फ्रान्समधील लातूर-मार्लियाक या रोपवाटिकाकाराने तिचा अमेरिकेतल्या व इतर ठिकाणच्या जातींशी संकर करून पिवळ्या, गुलाबी, तांबड्या छटांची, थंडी सोसणारी रोपे तयार केली आणि १८८९ च्या पॅरिसमधील जागतिक प्रदर्शनात ती मांडली. त्याच रोपवाटिकेकडून मोने यांनी १८९४ मध्ये रोपे मागवली. याचा अर्थ असा की चित्रातले ते गुलाबी ठिपके एक पिढी आधीच्या कोणत्याही फ्रेंच चित्रकाराला आपल्या तळ्यात दिसणे शक्यच नव्हते. चित्रकाराच्या नजरेचे कौतुक करताना त्या रोपवाटिकाकाराचे नावही मुलांना सांगावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आपल्याकडे अनेक जण या चित्रातली फुले म्हणजे आपले देवपूजेचे कमळ समजतात, पण ती वनस्पती वेगळी. कमळाची मोठी पाने देठावर पाण्याच्या वर उचललेली असतात आणि फूल त्याहूनही वर येते. तसे तळे असते तर पाण्याचा पृष्ठभाग पानांआड गेला असता आणि हे चित्र झालेच नसते. या वॉटरलिलीची पाने पाण्याला चिकटून राहतात, आणि मोकळे पाणी राखण्यासाठी माळ्याला त्यांची दाटी सतत कमी करावी लागते. मोने यांच्याकडे तळ्याच्या देखभालीला नेमलेला माळी नावेतून फिरून शेवाळ आणि सुकलेली पाने काढत असे. पुढे मोटारींची धूळ पानांवर बसू लागली, तेव्हा मोने यांनी लगतच्या रस्त्यावर डांबर घालण्यासाठी पैसे दिले. पानांच्या पट्ट्या आणि मधले मोकळे पाणी यांचा जो तोल आपण चित्राची रचना म्हणून पाहतो, त्याचा बराचसा भाग आधी तळ्यातच रचला जात होता.

आणखी एक गोष्ट वेळेची. या जातीची फुले सकाळी उशिरा उमलतात आणि दुपार कलल्यावर मिटतात. म्हणून उमललेल्या फुलांचे चित्र म्हणजे दिवसाच्या ठरावीक तासांचे चित्र.

सेनतीर

मी बरीच वर्षे पॅरिसमध्ये राहतो आणि या पुलाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या जिथे जमेल तिथे पाहत आलो आहे. त्या आधाराने थोडी भर घालतो, आणि एका मुद्द्यावर ‘तैलरंग’ यांच्याशी माझा मतभेदही नोंदवतो.

लंडनचे चित्र एकटे नाही. १८९९ च्या उन्हाळ्यात मोने यांनी याच जागेवर, जवळपास त्याच कोनातून अनेक कॅनव्हास केले. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातील ‘हिरवी सुसंगती’ या उपशीर्षकाचे चित्र, न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयातील चित्र, वॉशिंग्टन, प्रिन्स्टन आणि मॉस्को येथील चित्रे ही सगळी त्याच कुटुंबातली. न्यूयॉर्कचे चित्र उभे आहे, साधारण ९३ सेंटिमीटर उंच आणि ७४ रुंद. त्यामुळे त्यात पाणी खालपर्यंत उतरत जाते. या मालिकेतली चित्रे १९०० च्या अखेरीस पॅरिसमध्ये चित्रविक्रेते द्युराँ-र्युएल यांच्या दालनात एकत्र लावली गेली. १९०० मधील काही चित्रांत मोने यांनी आपली जागा बदलली. डावीकडचा किनारा अधिक दिसू लागला आणि रंग गुलाबी-तांबड्याकडे झुकले. ओर्सेमध्ये हिरव्या चित्राबरोबर त्यातले एक गुलाबी चित्रही आहे. रेखाकला, शक्य असेल तर मुलांना एक चित्र दाखवण्याऐवजी ही तीन-चार शेजारी शेजारी ठेवून दाखवा. एका चित्रात जे अपरिहार्य वाटते, ते दुसऱ्यात बदललेले दिसते, आणि चित्रकाराने घेतलेले निर्णय त्यामुळे डोळ्यांना दिसू लागतात.

जपानी मुद्राचित्रांचा, म्हणजे लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांचा, उल्लेख अजून कुणी केला नाही, तो करायलाच हवा. मोने यांच्याकडे अशा मुद्राचित्रांचा दोनशेहून मोठा संग्रह होता आणि जिव्हर्नीच्या घरात ती भिंतींवर लावलेली असत. हिरोशिगे यांनी १८५६ मध्ये काढलेल्या, एदो (आजचे टोकियो) शहरातील कामेइदो मंदिराच्या चित्रात तळ्यावरचा कमानदार पूल आहे, समोर विस्टेरिया या वेलीच्या फुलांचे घोस लोंबतात आणि वस्तू चित्राच्या कडेला बेधडक कापल्या जातात. पूल कडेला कापण्याची जी गोष्ट आपल्या विद्यार्थिनीला खटकली, तिचे धाडस मोने यांच्या पिढीला मोठ्या प्रमाणात या मुद्राचित्रांनी दिले. पण नक्कल मात्र नाही. जपानी बागांतले असे पूल पुष्कळदा लाल असतात. मोने यांनी आपला पूल हिरवा रंगवला, म्हणजे त्याला झाडीत मिसळू दिले. कमानही बरीच सौम्य ठेवली. दगडी दीप, रेतीवरच्या रेषा वगैरे काही त्यांच्या बागेत नव्हते.

माझा मतभेद येथे सुरू होतो. पूल म्हणजे पाण्याला आडवे पाडणारे साधन, एवढेच त्याचे काम मानणे मला अपुरे वाटते. हे चित्र प्रत्यक्ष समोर उभे राहून पाहिले तर पूलसुद्धा पाण्याच्याच रंगांनी केलेला आहे हे लक्षात येते. त्याच्या लाकडावर निळ्या, जांभळट आणि पिवळट छटा आहेत, आणि कठड्याच्या उभ्या काठ्या मागच्या पानांमध्ये जवळजवळ विरघळतात. मोने यांना पूल भक्कमच ठेवायचा असता, तर तो त्यांनी इतका झाडीच्या हाती सोपवला नसता. मला हे चित्र घट्ट वस्तू आणि प्रतिबिंब यांच्यातला फरक हळूहळू मिटवत नेणारे वाटते, आणि तो फरक पुलासारख्या सुताराने केलेल्या वस्तूच्या बाबतीतही मिटतो, यात त्याचे धैर्य आहे.

जिव्हर्नीला जाणाऱ्यांसाठी एक सूचना: आज तिथे पुलावर विस्टेरियाचा मांडव दिसतो आणि चित्रात तो नाही. मांडव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चढवला गेला, आणि तळेही १९०१ नंतर बरेच वाढवण्यात आले. शिवाय आजचा पूल मूळचा नाही. मोने यांच्या मुलाचे १९६६ मध्ये निधन झाल्यावर मालमत्ता फ्रान्सच्या ललितकला अकादमीकडे गेली. तोवर बाग मोडकळीला आली होती. जुना पूल कुजला होता, तो नव्याने बांधावा लागला, आणि १९८० पासून बाग लोकांसाठी खुली आहे. त्यामुळे तिथे काढलेले छायाचित्र चित्राशेजारी ठेवून ‘मूळ असे होते’ असे वर्गात सांगू नये.

तैलरंग

सेनतीर, आपला मुद्दा मला पटतो, पण तो माझ्या मुद्द्याला छेद देतो असे वाटत नाही. पूल रंगाने विरघळतो आणि आकाराने टिकतो. त्याची कमान एवढी निश्चित आहे, की काठ्या पानांत हरवल्या तरी डोळा ती पूर्ण करून घेतो. म्हणूनच मोने यांना तो रंगाच्या बाबतीत इतका सैल सोडता आला. पुढे त्यांना पुलाचीही गरज उरली नाही, हे मात्र खरे. १९०९ मध्ये त्यांनी वॉटरलिलींचे जे ४८ कॅनव्हास पॅरिसमध्ये मांडले, त्यांचा भर फक्त पाण्याच्या पृष्ठभागावर आहे. किनारासुद्धा बहुतेक ठिकाणी नाहीसा झाला आहे. पॅरिसमधील ओरांजेरी संग्रहालयाच्या दोन लंबगोल दालनांतील, १९२७ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या मोठ्या भित्तिपटांवरही पूल नाही. १८९९ मध्ये पुलाच्या आधाराने जे पाणी आडवे राहिले, ते पुढे केवळ पानांच्या चपट्या होत जाणाऱ्या आकारांवर आडवे ठेवण्याची जोखीम त्यांनी घेतली. आपला विद्यार्थी म्हणाला ते, म्हणजे पुलाशिवाय तळे, मोने यांनी स्वतःच करून पाहिले. फक्त त्यासाठी त्यांना काही वर्षे जावी लागली.

दृष्टिपटल

मी नेत्रचिकित्सक आहे, म्हणून फक्त तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

मोने यांच्या दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदूचे निदान १९१२ मध्ये झाले. वयोमानाने होणाऱ्या या विकारात डोळ्याचे भिंग पिवळे आणि पुढे तपकिरी होत जाते. असे भिंग निळा-जांभळा प्रकाश अडवते; निळ्या छटा मंद होतात, गडद निळा आणि काळा यांत फरक करणे कठीण जाते आणि एकूण दृश्यावर पिवळट-तांबूस झाक येते. बारकावेही पुसट होतात. मोने यांनी स्वतः रंग पूर्वीसारखे दिसत नाहीत अशी तक्रार केली होती, आणि ते नळ्यांवरच्या नावांवर व पॅलेटवर रंग मांडण्याच्या ठरलेल्या क्रमावर विसंबू लागले होते. त्यांचे मित्र जॉर्ज क्लेमांसो, जे राजकारणात येण्यापूर्वी वैद्यकाचे शिक्षण घेतलेले होते, ते मोने यांना शस्त्रक्रियेसाठी तयार करत राहिले. १९२३ मध्ये डॉक्टर कुतेला यांनी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया केली. त्या काळी काढलेल्या भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसवण्याची सोय नव्हती. जाड चष्मा लागे, आणि भिंगाचा अडसर गेल्यामुळे निळा रंग एकदम जास्त दिसू लागे. मोने यांनाही हा त्रास झाला आणि त्यांना रंगीत काचांचे चष्मे वापरून पाहावे लागले.

तरीही ‘डोळे पिवळे झाले म्हणून चित्रे तांबडी झाली’ हे सरळ समीकरण मुलांना सांगू नये. पिवळ्या भिंगातून माणूस बाग पाहतो तसाच आपला कॅनव्हासही त्याच भिंगातून पाहतो. बागेत जो हिरवा त्याला दिसतो, तसाच हिरवा कॅनव्हासवर दिसेपर्यंत तो रंग मिसळत राहिला, तर निरोगी डोळ्याला ते मिश्रण साधारण बरोबरच दिसायला हवे. घोटाळा होतो तो सूक्ष्म फरक ओळखता न आल्यामुळे: दोन जवळच्या छटा सारख्याच दिसू लागल्या की चित्रकार एक तर चुकीचा रंग उचलतो, किंवा फरक जाणवावा म्हणून तो वाढवून लावतो. साधारण १९१८ ते १९२४ या काळातील पुलाच्या चित्रांत हे दोन्ही घडले असण्याची शक्यता वैद्यकीयदृष्ट्या आहे. पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात अशी चित्रे आहेत. त्यांत पूल आणि विस्टेरियाचा मांडव तांबड्या-पिवळ्या जाड थरांमध्ये जवळजवळ गडप झालेला आहे.

पण आजार एवढेच सांगतो की कोणत्या छटा त्यांना धूसर दिसत होत्या. ऐंशीच्या घरातला एक माणूस, ज्याची पत्नी १९११ मध्ये आणि थोरला मुलगा १९१४ मध्ये गेला, तो तळ्याकाठच्या त्याच जागेवर पुन्हा का बसतो आणि तोच पूल पुन्हा का काढतो, याचे उत्तर भिंगात सापडत नाही. शस्त्रक्रियेनंतर दृष्टी सुधारल्यावर त्यांनी काही जुने कॅनव्हास नष्ट केले आणि काही दुरुस्त केले. तरीही पुलाची ही चित्रे राहिली. म्हणून मुलांना मी असे सांगेन: दृष्टी मंद झाली होती हे खरे, तिचा परिणाम रंगांवर झाला हेही खरे, पण फटकाऱ्यांचा जोर आणि पुलाकडे पुन्हा वळण्याचा निर्णय हे चित्रकाराचेच होते.

रेखाकला

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. कागदाच्या पट्टीचा प्रयोग मी वर्गात केला. बहुतेक मुलांना पाणी उभे राहिल्याचे लगेच जाणवले. ज्या मुलाचा आक्षेप होता, त्याला मात्र पुलाशिवायचे चित्रच अधिक आवडले, आणि त्याने तसे स्पष्ट सांगितले. त्याला १९०९ च्या चित्रांविषयी सांगितल्यावर तो पुष्कळ खूश झाला. लातूर-मार्लियाक हे नाव ऐकून मुलांना आपले लातूर आठवले, त्यामुळे ते नाव आता कुणी विसरणार नाही.

एक व्यावहारिक शंका उरते. मुलांना असे काही स्वतः करून पाहायचे आहे. आमच्याकडे तैलरंग नाहीत, पोस्टर रंग आणि जलरंग आहेत. आणि परीक्षा जवळ असल्यामुळे त्यांच्या मूळ सवयी बिघडू नयेत, अशीही काळजी वाटते.

तैलरंग

पोस्टर रंग या कामाला योग्य आहेत, कारण ते अपारदर्शक असतात आणि वाळलेल्या थरावर दुसरा फटकारा स्वच्छ बसतो. पाव इंची चपटा कुंचला द्या, बारीक टोकाचा देऊ नका. कागद चौरस कापून घ्या. काळा रंग बाजूला ठेवा आणि पांढरा, पिवळा, एक तांबडा, एक निळा आणि एक हिरवा एवढेच द्या. विषय जिव्हर्नीचा नको. शाळेजवळ विहीर, तलाव, नदीचा डोह किंवा पावसाळ्यात भरलेले भातखाचर असेल तर तिथे मुलांना न्या, आणि आकाश चौकटीत येणार नाही इतके खाली पाहायला सांगा. आधी सर्व प्रतिबिंबे उभ्या फटकाऱ्यांनी भरायची, ती वाळू द्यायची, आणि मग पाण्यावर जे काही तरंगते आहे ते आडव्या फटकाऱ्यांनी वरून ठेवायचे. पाण्यावर काहीच तरंगत नसेल तर काठाची किंवा बांधाची एक रेघ ठेवली तरी चालेल.

परीक्षेच्या सवयींची काळजी करू नका. काम संपल्यावर प्रत्येकाला आपल्या चित्रात डोळ्याची पातळी कुठे येते ते कागदाच्या बाहेर, पेन्सिलीने खूण करून दाखवायला सांगा. ज्याला ती खूण बरोबर करता येईल, त्याला स्मरणचित्रातली क्षितिजरेषा अधिक पक्की समजलेली असेल. आणि आपल्या त्या विद्यार्थ्याने पूल किंवा बांध न ठेवता चित्र केले, तर ते येथे जरूर लावा. पाने चपटी होत गेलेली आहेत की नाही एवढेच मी पाहीन.